पाहिले, बोलले, ठीक

मेट्रनबाईंनी भिंतीवर काठी आपटली की लॅबवालीच्या घरातली भांडीसुद्धा दचकायची. चिंगीनं रडायला तोंड उघडावं आणि पलीकडून ठक ठक सुरू व्हावं, असा रोजचा नेम होता. तीस वर्षं इस्पितळात नर्सना धाकात ठेवलेली बाई. निवृत्त झाली तरी हातातला वॉर्ड सुटला नव्हता. आता त्या वॉर्डात एकच खाट उरली होती आणि ती भिंतीच्या अलीकडच्या, आठ महिन्यांच्या चिंगीची होती.

"काय गं ए लॅबवाली," कधी कधी त्या दारातच येऊन उभ्या राहायच्या, "पोर आहे की गिरणीचा भोंगा? कसलं दूध पाजतेस तिला?"

"दात येताहेत तिला, मेट्रनबाई."

"मग येऊ देत की. मला अख्खे बत्तीस आले, माझ्या आईच्या शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही."

बाळंतपणापूर्वी ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या लावायची आणि वहीत निकाल उतरवायची, म्हणून मजल्यावर ती लॅबवाली. तिचं खरं नाव संस्थेच्या फायलीत होतं आणि ते तिथंच बरं होतं.

इमारत चार मजल्यांची, जिने अरुंद, पण नळाला पाणी, दाराला नवं कुलूप आणि भिंतीला ओल नाही. संस्था ती सव्वीस वर्षं चालवत होती. निम्म्या खोल्या मागेपुढे कुणी नसलेल्या म्हाताऱ्यांना, निम्म्या बेताच्या कमाईच्या कुटुंबांना. खोल्या एकाआड एक दिलेल्या. एक म्हातारं माणूस, शेजारी एक कुटुंब, आणि या जोडीला संस्थेत म्हणायचे जोडघर. कुटुंबानं सकाळ-संध्याकाळ शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला बघून यायचं आणि दोन दारांच्या मधे खिळ्याला टांगलेल्या कागदी तक्त्यावर तीन खुणा करायच्या. पाहिले, बोलले, ठीक. खाली सही. त्या बदल्यात खोली. लग्नाच्या गाठी वर बांधल्या जातात म्हणतात. जोडघराच्या गाठी खालच्या ऑफिसात बांधल्या जायच्या आणि काडीमोड देण्याचा हक्क फक्त म्हाताऱ्या बाजूला होता. मेट्रनबाईंनी आजवर दोन कुटुंबांना काडीमोड दिला होता. त्यातलं एक तर सामान लावून होण्याआधीच गेलं.

तक्त्याचा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला होता. तोंड बघितल्याशिवाय खूण नाही. बंद दाराआडून आलेला खोकला चालणार नाही, रेडिओचा आवाज चालणार नाही. संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक म्हातारा खोलीत मरून अकरा दिवस पडला होता आणि अकराही दिवस त्याचा रेडिओ चालू होता, म्हणून.

लॅबवालीनं हा नियम पाळला. दोन महिने अगदी डोळ्यांत तेल घालून पाळला. समोरच्या खोलीतले शिंपीकाका तिला हसायचे. त्यांच्या जोडीला एक बहिरे मास्तर होते.

"अहो, मी आठवड्याच्या खुणा शनिवारी एका बैठकीत मारतो," ते म्हणाले होते. "मास्तर पळून कुठं जाणारेत? पळायला निघाले तर माझ्याच जिन्यावरून जातील."

तिला तेव्हा शिसारी आली होती. नमुना न बघता निकाल लिहिणाऱ्या एका पोराची तक्रार तिनं लॅबमध्ये स्वतः केली होती. पण चिंगीचे दात, चिंगीचे जुलाब, नवऱ्याची बस आगारातली दुसरी पाळी, आणि रोज संध्याकाळी त्या दारात जाऊन ऐकावे लागणारे टोमणे. पोरीला टोपडं का नाही, तुझे केस का विंचरलेले नाहीत, हे कसलं कळकट पोतेरं अंगावर घातलंयस. तिसऱ्या महिन्यात तिनं एक छोटी सवलत घेतली. सकाळी जाऊन आल्यावर संध्याकाळच्याही तीन खुणा करून टाकायच्या. संध्याकाळी जायचंच, पण खुणा आधी. मग कधी कधी खुणा झालेल्याच आहेत म्हटल्यावर जाणं राहायचं. सकाळी धडधाकट भांडणारी बाई संध्याकाळपर्यंत कशाला बदलतेय?

आणि मग तो मंगळवार आला.

चिंगीला सकाळपासून ताप. दुपारी चारला अंग तव्यासारखं. औषध पोटात ठरेना, पोर घसा फुटेस्तोवर रडत होती. लॅबवाली एका हातानं कपाळावर ओली घडी धरून दुसऱ्या हातानं दवाखान्याचा नंबर लावत होती. पावणेपाचला भिंतीवर ठोके सुरू झाले.

ठक. ठक ठक.

"आज नको हो," ती भिंतीला म्हणाली. "आज तरी नको."

ठोके थांबेनात. ते आज भिंतीच्या अगदी खालून, जमिनीच्या अंगानं येत होते. हे तिच्या लक्षात आलं. तिच्या लक्षात सगळंच यायचं, तोच तर तिचा रोग होता. पण त्याचा अर्थ तिनं असा लावला की म्हातारी आता पलंगावर पडल्या पडल्या काठी चालवतेय, उठायचेही कष्ट नकोत. ओट्यावर स्टीलचा डबा होता. तिनं तो उचलला आणि त्याच्या बुडानं भिंतीवर आठ-दहा दणके असे हाणले की रंगाचा पोपडा उडाला.

"घ्या! घ्या अजून! पोर तापानं फणफणलीय इथं!"

पलीकडे शांतता झाली. एवढं गोड काही तिनं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. ती चिंगीला उचलून दवाखान्यात गेली. तक्त्यावर मंगळवार संध्याकाळच्या तिन्ही खुणा सकाळीच झालेल्या होत्या.

बुधवारी सकाळी तिनं दार वाजवलं तर आतून आवाज आला, "ये. उघडंच आहे. आज वाचन आहे."

मेट्रनबाई खुर्चीत बसल्या होत्या. वेणी घातलेली नव्हती. हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. उजवा कोपर जांभळा पडून सुजला होता आणि हनुवटीवर खरचटलेलं होतं. मांडीवर खिळ्यावरचा तक्ता.

"मंगळवार," त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. "संध्याकाळ. पाहिले, खूण. बोलले, खूण. ठीक, खूण. खाली सही. सही छान करतेस, शिकलेली दिसतेस."

"मेट्रनबाई, काल चिंगीला..."

"पावणेपाच ते सात मी न्हाणीघरात फरशीवर होते, मग कशीबशी नळाला धरून उठले. तू मला कुठून पाहिलंस? मोरीच्या जाळीतून?"

ती पलंगाच्या कडेला बसली. कुणी बस म्हटलेलं नव्हतं.

"मी ठोकत होते. हाक मारत होते. तुझं पोर माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतं."

"मला वाटलं, नेहमीसारखं..."

"तुला वाटलं." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या वॉर्डात 'मला वाटलं' म्हणणारी मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर नसायची. आणि वर तू काय केलंस? उलट ठोकलंस. मी म्हटलं, चला, पोचला निरोप, येईल आता. तासभर मी त्या आशेवर पडून होते."

लॅबवाली उठून उभी राहिली. ती म्हणाली, "चला, दवाखान्यात जाऊ. कोपराचा फोटो काढायला हवा."

"बस खाली! दवाखान्यात गेले की कागद होतो. कागद झाला की ऑफिसात जातो. मग मी खाली."

खाली म्हणजे तळमजल्यावरचा मोठा हॉल. सहा खाटा, मधे पडदे, घंटा, ठरल्या वेळी जेवण. तिथं गेलेल्याला स्वतःचं कुलूप नसायचं.

"मी आयुष्यभर माणसांना असल्या हॉलमध्ये निजवलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "तिथं माणसाचं काय होतं ते मला तू सांगू नकोस. सोमवारी तिमाही बैठक आहे आपल्या जोडीची. मी पडले हे कळलं तर मी खाली. हा कागद दिसला तर तू बाहेर, पोर आणि नवऱ्यासकट. तेव्हा तू माझं झाक, मी तुझं झाकते."

"ही धमकी झाली."

"हा शेजार झाला," त्यांनी तक्ता घडी करून उशीखाली सारला. "खिळ्याला नवा लाव. जा आता, तोंड बघवत नाही तुझं."

नवरा दुसऱ्या पाळीचा, त्यामुळे त्यांची बोलणी सकाळच्या चहावर व्हायची. गुरुवारी तिनं सगळं सांगितलं. तो ग्रीसनं काळी झालेली नखं काडीनं कोरत ऐकत होता.

"मग अडचण काय आहे?" तो म्हणाला. "म्हातारीलाच नको आहे ना सांगायला?"

"दोन तास पडली होती रे ती. मी डबा आपटत होते."

"हो, चुकलं. पण आता तू जाऊन सांगणार, आणि आपण कुठं जाणार? परत माझ्या भावाकडे? तिथं माझी वहिनी दूध तापवायला गॅस द्यायची नाही, विसरलीस? पोरीच्या छातीत घरघर कशानं झाली होती? त्या ओलीनं. तीन वर्षं नंबर लावून बसलो तेव्हा ही खोली मिळाली. आ बैल मुझे मार कशाला करायचं?"

"आणि ती परत पडली तर?"

"तर परत बघू."

"मी बघणार. तू आगारात असणार."

यावर तो चहा पिऊन उठला. त्याचं चुकत होतं असंही तिला म्हणता येईना. इकडे आड, तिकडे विहीर, आणि कडेवर चिंगी.

त्या दिवसापासून ती मेट्रनबाईंकडे दिवसातून पाच-पाच वेळा जायला लागली. माया उतू चालली होती म्हणून नव्हे. रात्रीत ही बाई मेली तर तो कागद उशीखाली सापडेल, हा हिशेब तिच्या डोक्यात होता आणि असा हिशेब आपण करतो याची तिला लाजही वाटायची. मेट्रनबाईंना तो न सांगता कळला.

"पुन्हा आलीस? मेले की नाही बघायला? मेले की सांगेन हो."

"पाणी हवंय का?"

"विष असलं तर दे. अर्धं तूही घे."

शनिवारी सकाळी दहाला नवरा भाजी आणायला गेला होता. चिंगीची खाट मधल्या भिंतीला लागून. लॅबवाली तिच्यावर वाकली आणि थबकली. वास. आधी वाटलं लंगोट, मग वाटलं आपलीच शेगडी. ती बघितली, बंद होती. ती बाहेर आली आणि तिला कळलं. संस्थेनं दिलेली शेजारच्या दाराची किल्ली ती गळ्यातच बांधायची. दार उघडून आत घुसली.

मेट्रनबाई शेगडीपासून दोन पावलांवर टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. दूध उतू जाऊन ओट्यावरून जमिनीवर आलं होतं, आच विझली होती आणि गॅस फुसफुसत होता. तिनं बटण बंद केलं, खिडकी उघडली, दार सताड लोटलं.

"दार ठोठावायची रीत नाही का तुमच्यात?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"गॅस चालू आहे! मला भिंतीपलीकडे वास आला, तुम्हाला इथं बसून आला नाही?"

त्यांनी मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि हवा ओढून घेतली. "आला की."

"कसला?"

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "दुधाचा," त्या म्हणाल्या.

लॅबवालीनं ओट्यावरची साबणाची वडी उचलली, मुठीत झाकली आणि त्यांच्या नाकाशी नेली. "हे काय आहे सांगा."

"माझी परीक्षा घेतेस?"

"सांगा ना."

मेट्रनबाईंनी तिचा हात इतक्या जोरात झटकला की वडी पलंगाखाली गेली. "चालती हो! सर्दी झालीय मला!" पण त्यांचे डोळे विझल्या शेगडीवरून हलत नव्हते. रुग्णाचा तक्ता हातात घेऊन नर्स बघते तसं त्या बघत होत्या, फक्त या वेळी तक्ता त्यांचाच होता.

"किती दिवस झाले वास येत नाही त्याला?"

"सोमवारी तोंड उघडलंस तर याद राख," त्या म्हणाल्या. "कागद माझ्याजवळ आहे."

सोमवारी अकराला दोघी ऑफिसात टेबलाच्या एकाच बाजूला बसल्या. समोर किल्लीताई. संस्थेच्या पहिल्या दिवसापासूनच्या. कमरेला चारही मजल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे त्या कुठं आहेत ते सगळ्या इमारतीला ऐकू यायचं. गोड बोलण्याचं काम त्यांनी कधी अंगावर घेतलं नव्हतं. चिंगी आईच्या मांडीवर टेबलाची कड चघळत होती.

"आधी बाई सांगतील," किल्लीताईंनी फॉर्म ओढला. "शेजार कसा आहे?"

मेट्रनबाईंनी वेणी घातली होती. लांब बाह्यांचं पोलकं घालून कोपर झाकला होता. हनुवटीवर पावडर. त्या ताठ बसून म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. दोन्ही वेळा येते. विचारपूस करते." कुणी घशात बोट घालून काढावं तसे ते शब्द बाहेर पडले.

किल्लीताईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही? एखाद्याला चांगलं म्हणताय?"

"म्हातारपणी माणूस बिघडतो."

"बरं." त्यांनी लिहिलं आणि मान लॅबवालीकडे वळवली. "आता तुम्ही. बाई स्वतःचं स्वतः करतात?"

"हो."

"स्वयंपाक?"

टेबलाखाली मेट्रनबाईंची काठी तिच्या पायाच्या बोटांवर येऊन टेकली. किल्लीताईंचं पेन उत्तराची वाट न बघता 'होय'वर गेलंही होतं. वर्षानुवर्षं 'होय'च येत असणार. लॅबवालीनं पेनाचं टोक बघितलं. तिला म्हातारीची दया आली असती तर गोष्ट सांगायला बरी दिसली असती. पण तिच्या डोळ्यांपुढे फक्त भिंतीला लागलेली खाट होती आणि खाटेत पालथी झोपलेली चिंगी.

"नाही," ती म्हणाली.

पेन थांबलं. काठी रुतली.

"शनिवारी दूध उतू जाऊन आच विझली. गॅस सुटला होता. यांना कळलं नाही. यांना वास येत नाही."

"खोटारडी!" मेट्रनबाई ओरडल्या, चिंगीनं ओठ काढला. "सर्दी होती म्हटलं ना! चोराच्या उलट्या बोंबा ऐका! हिला विचारा मंगळवारी संध्याकाळी कुठं होती ते! विचारा!" त्यांचा हात पोलक्यात गेला आणि घडी केलेला तक्ता टेबलावर पडला.

"मी सांगते," लॅबवाली घाईनं म्हणाली. थांबली तर पुन्हा बोलायची हिंमत होणार नाही हे तिला माहीत होतं. "मंगळवारी संध्याकाळच्या खुणा मी सकाळीच केल्या. त्या दिवशीच नाही, महिनाभर तसंच करत होते. मंगळवारी बाई न्हाणीघरात पडल्या. भिंतीवर ठोकत होत्या. मला वाटलं चिंगी रडते म्हणून ठोकताहेत. मी उलट डबा आपटला. दोन तास त्या खाली होत्या. बाही वर करा, मेट्रनबाई."

"मी नाही करणार."

"करा," किल्लीताई म्हणाल्या.

बाही वर झाली. कोपराची जांभळाई आता पिवळी-हिरवी होऊन मनगटाकडे उतरली होती. किल्लीताई बघत राहिल्या. मग त्यांनी तक्ता उचलून नीट उलगडला.

"त्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याचं दार मी फोडायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज वर गेला नाही. "तेव्हा मी तुमच्याएवढी होते. त्याच्या शेजारणीलाही वाटलंच होतं. रेडिओ चालू आहे म्हणजे आहे बाबा आत. तुमचं शिक्षण किती?"

"पदवी. रसायनशास्त्र."

"मग लाज जास्त वाटायला हवी."

"वाटते," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिनं नाक ओढलं.

"रडू नका, माझ्याकडे वेळ नाही. नियमानं तुमची खोली आज जाते. आणि मेट्रनबाई, तुम्ही. हाड मोडलं की नाही हेही न बघता सहा दिवस बाही ओढून बसलात! वॉर्डात कुणी असं केलं असतं तर?"

"वॉर्डात माझं ऐकत होते."

"खाली सहा खाटा आहेत आणि सहाही भरलेल्या आहेत. एक रिकामी असती तर आज संध्याकाळी तुम्ही तिथं असता, याबद्दल मनात काही ठेवू नका. तूर्त न्हाणीघरात दांडा बसेल. शेगडी आज निघेल. जेवण खालच्या स्वयंपाकघरातून. आणि आत्ता उठून आधी कोपराचा फोटो."

"शेगडी नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

"शेगडी."

"माझा सकाळचा चहा कोण करणार?"

खोलीत नुसते चिंगीचे ओले ओठ टेबलावर वाजत होते. मघाशी कागद टेबलावर टाकताना, शनिवारी साबण झटकताना ही बाई म्हातारी दिसली नव्हती. आता दिसली.

"राहिली जोड," किल्लीताईंनी दुसरा फॉर्म पुढं घेतला. "तोडायची तर तुमच्या सहीनं, बाई. तशी तोडायला तुम्हाला कारण लागत नाही, आज तर आहेही. सही केलीत की यांनी महिनाअखेर खोली सोडायची. नाही केलीत तर मी यांना सहा महिन्यांच्या अटीवर ठेवू शकते. एक खोटी खूण, की बाहेर."

पेन मेट्रनबाईंच्या पुढ्यात आलं. लॅबवालीनं चिंगीला छातीशी घट्ट धरलं. दिराच्या घराची ओल तिच्या नाकात शिरली. नवऱ्याला काय सांगायचं? की मीच बोलले? माझ्या उत्तराची कुणी वाटही बघत नव्हतं, 'होय' लिहून झालंच होतं?

मेट्रनबाईंनी पेन उचललं, डाव्या हातानं, कारण उजवा वळत नव्हता. मग ते टेबलावर आडवं ठेवलं.

"नको," त्या म्हणाल्या.

"नको?"

"हिनं माझी शेगडी घेतली. आणि आता ही सुटून जाणार? फुकटात? अजिबात नाही. खालून जेवण वर कोण आणणार? तीन जिने आहेत. सकाळचा चहा वेगळा, जेवण वेगळं, संध्याकाळचं वेगळं. मला गरम लागतं. हिनं आणायचं. पोर कडेवर घेऊन आणायचं." त्या पहिल्यांदाच तिच्याकडे वळल्या. "खोली सोडून पळायला बघत होतीस ना?"

"नाही हो! मी कशाला..."

"तर मग चढ जिने."

किल्लीताईंनी तोडायचा फॉर्म खणात टाकला आणि अटीवर ठेवलेल्यांच्या पिवळ्या फायलीवर लॅबवालीचं खरं नाव लिहिलं. त्या हसल्या की नाही हे तिला कळलं नाही. बहुधा नाहीच.

नवऱ्याला तिनं फोनवर सांगितलं. त्याच्या मागे बसचं इंजिन घरघरत होतं. "सहा महिने?" त्यानं विचारलं. "हो." "आणि रोज तीन वेळा वर-खाली?" "हो." "तुला कुणी सांगितलं होतं गं तोंड उघडायला," तो म्हणाला आणि मग, "गॅस खरंच सुटला होता? चिंगी आत असताना? हे तू मला शनिवारी का नाही सांगितलंस?" सांगितलं असतं तर तो गप्प बस म्हणाला असता, या भीतीनं सांगितलं नव्हतं. आणि तो तसं म्हणाला नसता, हे आता त्याच्या आवाजावरून कळत होतं.

संध्याकाळी सहाला ती खालून ताट घेऊन निघाली. भात, उकडलेल्या भाज्या, वाटीत सूप, वर झाकण. एका कडेवर चिंगी. पहिल्या जिन्यावर सूप हिंदकळलं, दुसऱ्यावर चिंगीनं तिचे केस ओढले. शिंपीकाका तिसऱ्या मजल्यावर मास्तरांच्या दारात उभे होते आणि आत डोकावून मोठमोठ्यानं "कसं काय मास्तर!" म्हणत होते. तिला बघून त्यांनी नजर चुकवली. बातमी जिन्यापेक्षा लवकर चढली होती.

तिनं कोपरानं दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं.

"मेट्रनबाई, जेवण."

"जिवंत आहे," आतून आवाज आला. "मार खुणा आणि हो चालती."

"तोंड बघितल्याशिवाय नाही मारता येत."

"हात मोडलेला नाही, डॉक्टरनं सांगितलंय. तोंडही मोडलेलं नाही. लिही."

"दार उघडा."

"तुझ्याकडे किल्ली आहे ना, चोरासारखी शीर त्या दिवशीसारखी."

"ती गॅससाठी होती. आता तुम्ही उघडायचं."

"नाही उघडत जा."

ती उभी राहिली. चिंगी जड झाली होती, तिनं तिला कडेवर सावरलं. ताट ठेवायला जागा नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. सूप निवत चाललं असणार आणि त्यावरूनही बोलणी बसणार होती. तिचा हात भरून आला, डोक्यात तिडीक उठली. जमिनीवर ताट आपटून खाली निघून जावं असं तिला दोनदा वाटलं. ती हलली नाही.

आत खुर्ची सरकली. काठी टेकत टेकत जवळ आली. दार चार बोटं उघडलं. फटीत मेट्रनबाईंचं अर्धं तोंड, एक डोळा, पांढरी सुटलेली बट, हनुवटीवरची खपली. डोळ्याची कड लाल होती.

"बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघून घे. रडल्येय असं लिहायला रकाना आहे का तुझ्या कागदावर?"

"नाही."

"मग ठीकवर खूण नको करूस."

"नाही करत."

तिनं ताट पुढं केलं. दार आणखी वीतभर उघडलं, डावा हात बाहेर आला, ताट आत गेलं.

"सूप गार आहे."

"तुम्ही दार उघडलं असतंत लवकर तर..."

दार तिच्या तोंडावर बंद झालं. चिंगी दचकून रडायला लागली. लॅबवालीनं तिला थोपटत खिळ्यावरचा तक्ता काढला, गुडघ्यावर धरला. पाहिले, खूण. बोलले, खूण. तिसरा रकाना तिनं रिकामा सोडला, खाली सही केली आणि सकाळचा चहा किती वाजता लागतो हे विचारायला पुन्हा दार वाजवलं.